चौथं बोट

तीन बोटं गेली, चौथं काही जाईना!

कासारगडचे रणधीरराव महाराज एका जुन्या जीपमध्ये हात घालून घामाघूम झाले होते. आत हेल्मेट घालून बसलेली तानी. जीप तिचीच. तिनं आणि तिच्या बापानं, केरबा मिस्त्रीनं, भंगारातून उभी केलेली. आज हौशी चालकांची शर्यत, तीत महाराजही उतरणार! गाडी उलटली तर माणूस चेचू नये म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा हवाच. त्याचे नियम महाराजांनी स्वतः लिहिलेले: 'चालकाचं डोकं आणि वरची नळी यांत चार बोटं जागा असावी.' बोटं कुणाची? अर्थात महाराजांची! आणि ती एकेक म्हणजे राजेळी केळं!

"पिंजरा नापास!" महाराज गरजले. "नापास पिंजरा ज्यानं बनवला, त्याच्या वर्कशॉपला कुलूप!"

केरबा हात जोडून पुढं झाला. "सरकार, नळी जरा वर घेतो..."

"नळी हलवायची नाही! बैठक कापायची नाही! पोरीनं हेल्मेट काढायचं नाही! बाराच्या तोफेआधी चौथं बोट बसवून दाखवा."

आता घ्या! बापाचं तोंड उतरलं, पण तानी स्टिअरिंगमागून उतरली ती हसतच.

"बसवते की! पण आधी पास झालेला पिंजरा बघू द्या. सरकारांच्या गाडीतला."

महाराज खूश. ऐटीत आपल्या गाडीत जाऊन बसले. तिथं मोजमाप कुणी केलंच नव्हतं. कुणाची छाती होती? तानीनं बोट पुढं केलं. जरीच्या फेट्याचा तुरा नळीला टेकून वाकला होता. करंगळीसुद्धा शिरेना!

"सरकार, नापास! मोटारखान्याला कुलूप लावायचं ना?"

महाराजांनी फेटा सावरला.

"अगं, हा फेटा आहे! डोकं त्याच्या खाली आहे!"

"मग फेटा उतरवून मोजू?"

"भरल्या मैदानात आम्ही फेटा उतरवू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तेच तर मोजायचंय, सरकार! बरं, फेटा राहू द्या. फेटा डोक्यात धरायचा की नाही, एवढंच सांगा."

"नाही धरायचा!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी? डोक्यावर घातलेलं डोक्यात धरायचं नाही!" तानी परत जीपमध्ये बसली. महाराजही मागोमाग आले. बापाच्या हातातलं दुसरं हेल्मेट घेऊन तिनं ते महाराजांच्या बोटांना लावलं. "हेल्मेटची जाडी दोन बोटं. वर तीन बोटं मोकळी. झाली पाच! चार नियमाची, एक शिल्लक. सरकारांच्या गाडीला उसनं देऊ का?"

महाराज आधी लाल झाले, मग असे खदखदून हसले की तुरा निसटून केरबाच्या ओंजळीत पडला!

"पोरी, तुझं डोकं मोजायला आमची दहाही बोटं पुरायची नाहीत! मिस्त्री, मोटारखान्याचं सगळं काम आजपासून तुमच्याकडं. आणि ही नियमांची वही हिच्याकडं!"

तानीनं तिथंच पेन्सिल मागितली आणि नवा नियम लिहिला: 'शर्यतीत सरकारांनीही हेल्मेटच घालावं. फेटा मिस्त्री सांभाळतील!'