देठकाकांचे ऐकणे

प्राण्यांचे अवयव आपसांत बोलत असत त्या काळी एका शेळीचा थोरला मेंदू डोळ्यांच्या वाटेने दूरदूरचे जग शिकून घरी परतला. घर सुधारायचेच, अशी त्याने शपथ घेतली होती. पहिला दोष त्याला सापडला तो मानेशी बसून श्वास आणि ठोके चालवणाऱ्या मेंदूच्या देठात. हृदय आणि फुफ्फुसे क्षणोक्षणी निरोप पाठवत, आणि देठकाका बहुतेक निरोप ऐकून न ऐकल्यासारखे करत.

"काका, बिचारी एवढ्या कळकळीने सांगतात, आणि तुम्ही ढिम्म?"

"रोजचंच सांगतात रे. ठेका बदलला की कान टवकारतो मी."

"आजपासून प्रत्येक निरोपाला मी उत्तर देणार. तुम्ही आराम करा."

"कर बाबा," काका म्हणाले.

थोरला मेंदू कामाला लागला. "आत घ्या, आता सोडा," असे तो फुफ्फुसांना सांगू लागला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचे तो आभारही मानू लागला. इतक्यात समोर बाभळीची शेंग लोंबताना दिसली. ती कशी काढावी याचा तो सखोल विचार करू लागला, आणि घेतलेला श्वास छातीतच राहिला.

"अहो शिकलेले भाऊजी," फुफ्फुसे कशीबशी म्हणाली, "सोडायचा की अजून घ्यायचा?"

त्याला आठवेना. शेळीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय लटपटले, हृदयाचा ठेका चुकला. त्यासरशी देठकाका उठले. श्वास सुटला, नवा आत आला, शेळी सावरली.

ओशाळलेल्या मेंदूने मग काकांच्या थोरवीवर लांबलचक भाषण केले. ठेका बदललेला नव्हता, त्यामुळे काकांनी ते ऐकलेच नाही.