दुसरे दार

जंगल संपता संपता जिथे मुरमाची टेकडी लागते, तिथे एक उंदीर आपल्या उंदरिणीसह राहत असे. बिळे खणण्यात दोघांचाही हातखंडा. मुलांनो, 'डोंगर पोखरून उंदीर काढला' असे आपण एखाद्याला थट्टेने म्हणतो. या टेकडीवर मात्र उंदीरच डोंगर पोखरत होते, आणि त्यातून जे निघत होते ते सगळे कोल्ह्याच्या घरी जात होते.

कोल्हा होता ठेकेदार. थंडी तोंडावर आली की सशांना, सायाळींना, मुंगसांना तयार बिळे हवी असत. ती तो उंदरांकडून खणून घेई. "पण कोल्हा उंदरांना खात नसे का?" असे तुम्ही विचाराल. नसे. उंदीर खाल्ला तर एकदाच पोट भरते आणि कामाला लावला तर रोज भरते, हे त्या शहाण्याला फार लवकर कळले होते.

उंदराचा मात्र कोल्ह्यावर भारी जीव. त्याला कारणही तसेच होते. मागच्या उन्हाळ्यात वणवा आला, त्यात उंदराचे बीळ आणि साठवलेले धान्य जळून खाक झाले. उंदरीण भुकेने मान टाकून पडली होती. त्या वेळी कोल्ह्याने दोघांना आपल्या गुहेच्या तोंडाशी जागा दिली, मूठभर दाणे पुढे टाकले आणि म्हणाला, "अरे, आपल्याच माणसाला वाऱ्यावर सोडून कसं चालेल?" उंदराच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. मूठभरच दाणे होते, पण उंदरीण वाचली होती. ते दाणे तो जन्मभर विसरणार नव्हता, आणि कोल्हाही त्याला विसरू देणार नव्हता.

आता त्या जंगलात मजुरांसाठी कायदा नव्हता असे नाही. दरीपलीकडे एकदा एक बीळ ढासळले आणि आत काम करणारे सगळे मजूर जागच्या जागी दडपले गेले. तेव्हापासून सिंहाच्या दरबाराने ठरवून टाकले होते की, ज्याच्या हाताखाली मजूर, त्याने हे नियम पाळलेच पाहिजेत, मग तो वाघ असो की कोल्हा. भर दुपारी विसावा द्यायचा. पोटुशीला बिळात उतरवायचे नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे लांब बिळाला दोन दारे हवीत. दुसरे दार आरपार झाल्याशिवाय कुणाला खोल पाठवायचे नाही. हे नियम मालकाने मजुरांना मोठ्याने ऐकवावेत, असाही एक नियम होता. कोल्हा तो अगदी इमानेइतबारे पाळी. सगळे उंदीर खोल बिळात गेले की तो बाहेर एकटाच उभा राहून नियम मोठ्याने म्हणून टाकी.

दुसरे दार खणवणे मात्र त्याच्या जिवावर येई. "दुसरं दार म्हणजे दुसरं बीळच की! तेवढ्यात आणखी एका सशाची सोय होते," असे तो म्हणे. टेकडीवरच्या एकाही बिळाला दुसरे दार नव्हते.

नियम पाळले जातात की नाही हे पाहायला दरबाराने कासवाची नेमणूक केली होती. कासव प्रामाणिक होते, कुणाच्या दाण्याला शिवत नसे. एवढेच, की ते कासव होते. ते निघाले की त्याच्याआधी त्याची बातमी पोचायची. त्या वर्षी ते ओढ्यापाशी आल्याचे कळले तसा कोल्हा लगबगीने उंदराकडे आला. उंदीर आणि उंदरीण तेव्हा टेकडीवरचे सगळ्यांत लांब बीळ खणत होते.

"गड्या, एक काम कर," कोल्हा म्हणाला. "मागच्या बाजूनं वीतभर पोकळी कोर आणि वर पाचोळा लाव. बाहेरून दार दिसलं म्हणजे झालं. कासवाची मान ती केवढी, आत जाणार केवढी! आणि विचारलंच, तर सांग आरपार आहे. तुझ्या शब्दावर ते विश्वास ठेवील."

उंदराने मान डोलावली. उंदरिणीने मात्र हातातली माती खाली टाकली.

"अहो, हे दार नव्हे, दाराचं सोंग आहे," ती म्हणाली. "उद्या आत अडकले तर या पाचोळ्यातून बाहेर येऊ का मी?"

"अगं, वणव्यात आपल्याला हात कुणी दिला?" उंदीर म्हणाला. "मीठ खाल्लंय आपण मालकाचं. थंडी सरली की खणू खरं दार. मी खणीन."

"मीठ खाल्लं, आणि तेव्हापासून डोंगर उपसतोय त्याच्यासाठी. अजून फिटलं नाही का?"

उंदीर चिडला. गरिबाला आपल्या उपकारकर्त्याविरुद्ध शब्द ऐकवत नाही. "तुझ्या जिवासाठीच त्याचे पाय धरले होते मी," तो फणकाऱ्याने म्हणाला. उंदरिणीने मुकाट्याने खोट्या दाराची पोकळी कोरायला घेतली.

कासव आले. कोल्ह्याने पुढे होऊन त्याला सावलीत बसवले, पाण्याचे विचारले. कासवाने पाणी घेतले नाही. ते बिळाच्या मागे गेले, पाचोळ्यातून मान आत घातली, पण तिथे नुसता काळोख दिसला.

"आरपार आहे का हे?" कासवाने विचारले.

कोल्ह्याने फक्त उंदराकडे पाहिले, अगदी प्रेमाने.

"हो साहेब, आरपार आहे," उंदीर म्हणाला. "मी स्वतः जाऊन आलोय."

कासव उंदरिणीकडे वळले. "बाई, तुम्हीही इथंच राबता ना? मालकाला भिऊ नका, कायदा तुमच्यासाठीच आहे. खरं काय ते तुम्ही सांगा."

उंदरीण नवऱ्याकडे बघत राहिली. सगळी टेकडी गोळा झाली होती. चारचौघांत नवऱ्याला खोटे पाडायचे कसे? ओठांवर आलेला शब्द तिने गिळला. "ते म्हणतात तसंच," ती म्हणाली. कासव जड पावलांनी पुढच्या टेकडीकडे निघून गेले.

कोल्ह्याने उंदराची पाठ थोपटली आणि त्याला पिकलेली बोरे दिली. उंदराने ती हौसेने उंदरिणीपुढे ठेवली. तिने एकही खाल्ले नाही. ती कामाला उतरली.

चार-आठ दिवसांनी भरल्या दुपारी, विसाव्याच्या वेळी, काम चालूच होते. उंदरीण खोल आत खणत होती आणि उंदीर बाहेर माती ओढत होता. इतक्यात टेकडीवरून रानगव्यांचा कळप धावत गेला. जमीन हादरली. बिळाचे तोंड एकदम खाली बसले आणि जिथे भोक होते तिथे नुसता मुरूम उरला.

"मालक, धावा! ती आत आहे हो!" उंदीर ऊर फुटेस्तोवर ओरडला.

बऱ्याच वेळाने कोल्हा आला. त्याने बसलेल्या मातीकडे पाहिले आणि मान हलवली. "गव्यांपुढं आपण काय करणार? दैवाची करणी. तू पलीकडच्या बिळावर जा, ससे खोळंबलेत."

उंदीर गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मालकाचे ऐकले नाही. तो मागे धावला, पाचोळा उधळला आणि खोट्या दाराच्या पोकळीतून वेड्यासारखा खणू लागला. टेकडीवरचे सगळे उंदीर त्याच्या मदतीला आले. फार खणावे लागलेच नाही. चार बोटे माती सरली, तोच उंदरीण हाती लागली. तिचे तोंड याच बाजूला होते आणि नखांत माती गच्च भरली होती. पुढची वाट बुजल्यावर तीही आतून या खोट्या दाराकडेच खणत आली होती. आणखी चार बोटे, आणि ती बाहेर आली असती. उंदीर तिचे नाक, तिचे कान चाटत राहिला. ती थंड पडली होती.

बातमी कळताच कासव माघारी फिरले. ते पोचेपर्यंत उंदरिणीवर माती घालून झाली होती.

"साहेब, यात माझा काय दोष?" कोल्हा म्हणाला. "दार आरपार आहे असं यानंच सांगितलं होतं, तुमच्यासमोर. विचारा त्याला."

उंदराने मान वर केली. "खोटं बोललो मी," तो म्हणाला. "दार नव्हतं. या टेकडीवर कुठंच नाही."

"ऐकलंत?" कोल्हा म्हणाला.

"ऐकलं," कासव म्हणाले. "हा खोटं बोलला. पण दार करायचं काम तुझं होतं. त्याच्या खोट्यानं तुझी जबाबदारी त्याच्या अंगावर जात नाही." दरबाराने कासवाला दिलेल्या अधिकाराने त्याच दिवशी कोल्ह्याचा ठेका गेला आणि त्याला टेकडी सोडावी लागली. बाकीच्या उंदरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उंदराला त्याचे काहीच वाटले नाही.

जाताना कासव त्याच्यापाशी थांबले. त्याला रागवावे असे कासवाला वाटले होते, पण त्याचा चेहरा पाहून राग जिरला. "मी सावकाश चालतो, माझ्यावर सगळे हसतात," ते हळूच म्हणाले. "पण त्या दिवशी मी वेळेवर आलो होतो रे."

कासव दिसेनासे झाल्यावर उंदीर उठला आणि मागच्या दाराने आत शिरला. बुजलेली वाट त्याने आतून एकट्याने उपसली. बीळ आरपार झाले, या दारातून आलेला वारा त्या दारातून बाहेर गेला. आता दार खरे होते. त्यातून बाहेर येणारी मात्र उरली नव्हती.

तात्पर्य : मजुराच्या जिवाची काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे, आणि मिठाला जागायचे म्हणून जो मालकाच्या कसुरीवर पांघरूण घालतो, त्याचेच जिवलग त्या पांघरुणाखाली गुदमरतात.