एकाच दिवशी उगवलेले कुरण

त्या राज्यात प्रत्येक बी आपल्या मर्जीने उगवत असे. टरफल जाड असेल तर एखादी दोन-दोन पावसाळे मातीत पडून राही, आणि तिला कोणी आळशी म्हणत नसे. उलट, दर कणसातली एक तरी बी झोपून राहिली पाहिजे, अशी तिथली रीतच होती. वर काही बरेवाईट झाले, तर खाली कोणीतरी उरावे म्हणून.

मग राजाचा हुकूम आला. राजाला कोणी पाहिले नव्हते, पण हुकूम गोड होता: सगळे कुरण एकाच दिवशी हिरवे झाले पाहिजे. कामावर घंगाळ, वरवंटा आणि सूप नेमले गेले. घंगाळ बियांना कढत पाण्यात बुडवी, वरवंटा त्यांना वाळूत घोळून टरफल खरवडी, आणि सूप पाखडून पाही की अजून कोण झोपले आहे. तिघेही मनापासून राबत. आपण केवढे जागृतीचे काम करतो आहोत, असे त्यांना खरोखरच वाटे. राजाची शाबासकी त्यांना नको होती, असेही नाही.

मारवेल गवताच्या एका कणसात दोन बहिणी होत्या. थोरली पहिल्याच खेपेला न्हाऊन आली. धाकटीचे टरफल जाड होते, म्हणून झोपून राहण्याची पाळी तिचीच होती.

"ताई, मला राहू दे गं. कुणीतरी खाली नको का?"

"आणि लोक काय म्हणतील? सगळ्या उठल्या, आमचीच तेवढी लोळत पडली?"

थोरलीने स्वतः तिला वरवंट्याखाली लोटले. धाकटी कळवळून ओरडली. थोरलीला वाईट वाटले, पण त्याहून जास्त अभिमान वाटला.

ठरल्या दिवशी कुरण उगवले. एकही बी मागे राहिली नाही. पाती वाढून डोलू लागली, तेव्हा धाकटीचे पाते सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत उंच होते. मग एका सकाळी कुरणाचे फाटक उघडले आणि राजा पाहणीला आला.

राजाला चार पाय होते. थोरलीला नवल वाटले. तो धाकटीसमोर थांबला आणि त्याने मान खाली घातली. माझ्या बहिणीला राजाचा नमस्कार! थोरलीचा ऊर भरून आला.

"ताई, हा..." धाकटी एवढेच म्हणाली.

राजाने मान वर केली, तेव्हा त्याचे तोंड हलत होते. धाकटीच्या जागी उखडलेली माती होती.

थोरली किंचाळली. फाटकाशी उभे असलेले घंगाळ, वरवंटा आणि सूप जागच्या जागी थिजले. आपण राबलो ते यासाठी, हे त्यांच्या डोक्यात शिरेच ना. थोरली मागच्या रांगांना ओरडून सांगू लागली, पण तिकडे जयजयकार चालला होता. तिथून राजाची वाकलेली मान तेवढी दिसत होती. तो एकेकीपुढे वाकत सावकाश सरकत होता, आणि मागची पाती आपली पाळी लवकर यावी म्हणून उंच होऊन पुढे झुकत होती.