काकूंना दिलेलं उत्तर

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक शहाणी रीत होती. मुलं सोळा वर्षांची झाली की दिवाळीनंतर गुरूंच्या आळीत जायची. आळीत पाच घरं होती: वैद्याचं, कुंभाराचं, विणकराचं, तांबटाचं आणि होड्या बांधणाऱ्या सुताराचं. ज्याचं ठरलेलं असेल त्याने थेट त्या घरात शिरायचं आणि मनगटाला दोरा बांधून घ्यायचा. दोरा बांधला की जन्मभर तीच विद्या. ज्याचं ठरलेलं नसेल त्याने काखेत एक चटई न्यायची, आणि प्रत्येक गुरूच्या ओसरीवर महिनाभर बसून नुसतं बघायचं.

रीत शहाणी असली तरी गाव शेवटी गावच. चटई घेऊन निघालेलं पोर दिसलं की लोक हळहळायचे, "अजून काही सुचलं नाही वाटतं बिचाऱ्याला!"

त्या गावात एक माळी होता. त्याच्या मुलीला सगळंच थोडं थोडं आवडायचं, आणि म्हणूनच तिचं काही ठरत नव्हतं. माळ्याने तिला समोर मांडी घालून बसवलं, माप घेतलं आणि शिंदीच्या पानांची चटई विणली.

"पाच महिने बस," तो म्हणाला. "पाच महिन्यांत काही आभाळ कोसळत नाही."

मुलगी दोन मैत्रिणींबरोबर निघाली. आळीच्या तोंडाशी एक काकू ओट्यावर तांदूळ निवडत बसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी केल्याशिवाय त्यांचा खडा निघत नसे.

"काय गं पोरींनो, कुठली विद्या घेणार?"

"विणकाम," एक म्हणाली. "तांबटकाम," दुसरी म्हणाली. दोघींना "शाब्बास!" मिळालं. मग काकूंनी माळ्याच्या मुलीकडे बघितलं.

'माझं ठरलं नाही' हे तिच्या अगदी ओठांवर होतं. पण चटई पाठीमागे लपवत ती म्हणाली, "वैद्यकी."

"अगं बाई! आपल्या माळ्याची लेक वैद्य होणार!" काकूंनी सूप खाली ठेवलं आणि शेजारणींना हाका मारल्या. कुणीतरी मुलीच्या हातावर गूळ ठेवला. ती वैद्याच्या दारात पोचण्याआधी बातमी पोचली होती.

वैद्यबुवांनी तिच्याकडे पाहिलं, मग चटईकडे.

"चटई आणलीयेस, तर बस की आधी. माझ्याच ओसरीपासून सुरुवात कर. नाही आवडलं तर पुढच्या घरी जा. मला राग यायचा नाही."

मुलीने मागे वळून बघितलं. आळीच्या तोंडाशी काकू चारचौघींना तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. आता परत फिरायचं म्हणजे सगळ्यांसमोर हसं.

"नको गुरुजी," ती म्हणाली, "माझं ठरलंय." आणि तिने हात पुढे केला.

संध्याकाळी बापाने मनगटावरचा दोरा पाहिला, आणि गुंडाळलेली चटईही. चटई पोटमाळ्यावर ठेवताना तो एवढंच म्हणाला, "राहू दे. लागली तर काढू."

मुलगी वैद्य झाली. वाईट नव्हती हो, माणसं बरी व्हायची तिच्या हातून. पण झाडपाला आणायला नदीवर जाताना सुताराच्या घराशी तिची पावलं थांबायची. ताज्या लाकडाचा वास यायचा, कुणीतरी होडीच्या फळीवर रंधा मारत असायचं. ती क्षणभर बघायची आणि मग घरी खोळंबलेले रोगी आठवून चालू लागायची. आपल्याला होड्या बांधायला आवडलं असतं की नाही, हेही तिला कधी कळलं नाही. तेच तिला फार लागायचं.

चाळीस वर्षं गेली. माळीही गेला. काकू थकून अंथरुणाला खिळल्या, आणि त्यांच्या गुडघ्यांना तेल लावायला तीच जाऊ लागली. एक दिवस तिला राहवलं नाही.

"काकू, मी सोळा वर्षांची असताना तुम्ही मला ओट्यावरून विचारलं होतंत, कुठली विद्या घेणार म्हणून. आठवतं?"

काकूंनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"मी? विचारलं असेल बाई. सगळ्यांनाच विचारायचे मी. तांदूळ निवडताना बोलायला काहीतरी लागतं ना. तू काय म्हणाली होतीस गं?"

तेलाची वाटी आवरून ती घरी आली, काठीने पोटमाळ्यावरची चटई खाली ओढली आणि धूळ झटकली. दोरी सोडली. पानं अजून शाबूत होती, बापाची वीण घट्ट होती. ओसरीवर अंथरून ती बसायला गेली.

चटई सोळा वर्षांच्या मुलीच्या मापाची होती. तिचे गुडघे आता दुमडत नव्हते. भिंतीला टेकून ती उभ्या उभ्याच रडली.

या गोष्टीचं तात्पर्य: विचारणारे विचारून विसरून जातात, पण दिलेलं उत्तर आपल्यालाच जन्मभर निभवावं लागतं. म्हणून ठरलं नसेल तर 'ठरलं नाही' असं खुशाल सांगावं, आणि वय आहे तोवर चटई उलगडून बसावं.