आंबेदऱ्याच्या भिवराबाईचं सील

फार वर्षं झाली त्याला. मोठी लढाई पेटली होती, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं आणि गाडीचा सुटा भाग तर औषधालाही सापडत नव्हता. त्या काळात आंबेदऱ्याच्या घाटाखाली भिवराबाई राहायची.

तिचा नवरा गेनू मोटारींचा मिस्त्री. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायला तो भरती झाला. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग काहीच नाही. भिवराकडे उरली त्याच्या पान्यांची पेटी आणि तिची स्वतःची, माहेराहून आणलेली चामडं कापायची रापी.

घाट चढण्याआधी लॉऱ्या तिच्या दारात थांबायच्या. कित्येकींच्या इंजिनाखाली तेल ठिबकत असायचं. इंजिनाचा फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, जिथं बाहेर येतो, तिथं तेल अडवणारी एक कडी असते, सील म्हणतात तिला. ती झिजली की तेल गळतं, तेल सरलं की इंजिन घाटातच जाम होतं. नवं सील मिळेना, तेव्हा भिवरानं चामड्याचं कापलं. शाफ्टच्या टोकाचं चाक, म्हणजे पुली, उतरवायची, शाफ्टला ओरखडा न पाडता जुनी कडी काढायची, जागा पुसून घ्यायची आणि तेलात भिजवलेली नवी कडी लाकडाच्या गोल ठोकळ्यानं चहूबाजूंनी सारखी ठोकत बसवायची. गेनूला तिनं हे शंभरदा करताना पाहिलं होतं. "एकाच बाजूनं ठोकलं तर सील रुसतं," तो म्हणायचा.

असं म्हणतात, तिचं सील लावलेली एक लॉरी सात नद्या ओलांडून गेली. खाली पांढरं धोतर अंथरलं, तरी डाग पडला नाही.

प्रत्येक सीलच्या बाहेरच्या अंगाला भिवरा सुईनं दोन टिंबं टोचायची, अगदी शेजारी शेजारी. एक तिचं, एक गेनूचं. कुठंतरी तो इंजिन उघडील आणि त्याला कळेल, एवढीच तिची आशा. ड्रायव्हर निघाला की ती विचारायची, "गेनू नावाचा मिस्त्री भेटला का कुठं?"

भेटला नव्हता. लढाई संपली. गेनू जाऊन नऊ वर्षं झाली. गावानं तिला कुंकू पुसायला सांगून पाहिलं. तिनं ऐकलं नाही.

मग एका दुपारी कासमभाईंची लॉरी आली. तीन वर्षांपूर्वी भिवरानंच तिला सील बसवलं होतं, ते आता गळायला लागलं होतं. तिनं पुली उतरवली, कडी बाहेर काढली, पदरानं पुसली. दोन टिंबं होती. आणि खिळ्यानं ओढलेली एक बारीक रेघ त्या दोघांना जोडत होती.

भिवरानं कडी उन्हात धरली.

"कासमभाई, हे कुणी उघडलं होतं?"

"गेल्या वर्षी जबलपूरला, भिवराताई. पुली तडकली होती, ती बदलली. मिस्त्रीनं ही टिंबं बोटानं चाचपली. मी म्हटलं, उघडलंच आहे तर सीलही नवं टाका. तर म्हणाला, हे चांगलं आहे, राहू द्या."

"माझं विचारलं त्यानं?"

"कुठं बसवलं, ते विचारलं. मी आंबेदरा म्हटलं. त्याचं नाव विचारलं, ते सांगितलं नाही. ताई, त्याला डावा हात नाही. मनगटापासून गेलाय."

भिवरानं ती कडी पदरात बांधली. नऊ वर्षं तो का आला नाही, ते तिला आता कळलं: एका हाताचा मिस्त्री घरी ओझं होईल, असं वाटलं असणार त्याला. मग उठून तिनं नवं सील बसवलं, चहूबाजूंनी सारखं ठोकून. हात धुतले. पेटी उचलून लॉरीत ठेवली.

"कुठं निघालात?"

"जबलपूरला. त्याचा एक, माझे दोन. तीन हात पुष्कळ झाले."

असं म्हणतात, ती लॉरी घाट चढली तेव्हा इंजिनाचा आवाजच होत नव्हता, नुसती चाकं वाजत होती. भिवरा परत आली नाही. पण पुढं कित्येक वर्षं उत्तरेकडून येणारे ड्रायव्हर सांगायचे की तिकडं एका गॅरेजात एकाच इंजिनावर तीन हात चालतात आणि तिथली गाडी कधी गळत नाही.

आंबेदऱ्यात आता मोठा ट्रकतळ आहे. ज्यांचं माणूस दूर गेलं आणि खबर नाही, अशी माणसं माघातल्या पहिल्या बुधवारी तिथं येतात आणि लांबच्या पल्ल्याच्या ड्रायव्हरला वाटेत विचारायला त्या माणसाचं नाव सांगतात. ड्रायव्हर कितीही घाईत असो, भिवराबाईच्या नावानं इंजिन बंद करतो, ते नाव स्वतःच्या तोंडानं एकदा म्हणून बघतो, आणि मगच घाटाला लागतो.