चेलनाने मागितलेला नियम

“आजन्म म्हणजे किती, ठाऊक आहे?” माताजींनी विचारलं.

“मरेपर्यंत,” चेलना म्हणाली.

“एकवीस वर्षांच्या पोरीला हा शब्द सोपा वाटतो.”

“माझी आई एकेचाळिसाव्या वर्षी गेली, माताजी. मला तो सोपा वाटत नाही.”



डोंगरावरच्या त्या जैन मंदिरात सकाळचं ऊन ओवरीपर्यंत आलं होतं. दिवसातून एकदाच घ्यायचा तो आहार आर्यिका माताजींनी, म्हणजे तिथल्या जैन साध्वींनी, नुकताच घेतला होता. अंगावर पांढरं लुगडं, मांडीवर मोरपिसांची पिंछी. समोर चेलना मगदूम, कोल्हापुरात रसायनशास्त्र शिकणारी. दोनशे पायऱ्या चढताना ती तीन वेळा खाली बसली होती. हे तिनं सांगितलं नव्हतं.

तिला नियम हवा होता. आगीवर शिजलेलं अन्न आयुष्यभर खाणार नाही, असा. स्वतःशी केलेला निश्चय मोडतो. माताजींसमोर हात जोडून घेतलेला नियम मोडत नाही, एवढं तिच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं होतं.

“आत्ताच का?” माताजींनी विचारलं.

“परवा मेसमध्ये पिठलं होतं. मी दाराबाहेर उभी राहून नुसता वास घेत होते... किती वेळ, कळलं नाही. पुढच्या वेळी आत जाईन.”

“गेलीस तर?”

“आई तेच खायची. तळलेलं, उकळलेलं, सकाळचं संध्याकाळी गरम केलेलं. पोटाचा कॅन्सर झाला.”

“आगीमुळे झाला, असं डॉक्टर म्हणाले?”

“डॉक्टर चार महिने पित्ताच्या गोळ्या देत होते. त्यांचं मला सांगू नका.”

माताजी किंचित हसल्या. “नाही सांगत. तू काय खातीस?”

“मोड आलेले मूग, मटकी. भिजवलेले शेंगदाणे. काकडी, पेरू. बाजार उठायच्या वेळी गेलं की स्वस्त मिळतं. कच्च्या आहाराच्या व्हिडिओत बदाम आणि अव्होकाडो असतात, ते माझ्या आवाक्यातलं नाही. गाजरंही खाते.”

“गाजर? कंदमूळ?”

“हो.”

“म्हणजे आमच्यातलं काही पाळायचं नाही, आणि नियम तेवढा आमच्याकडून पाहिजे.”

चेलना ओशाळली नाही. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि पुढे सरकवला. ओल्या फडक्यात मटकी होती. पांढरे, बोटाच्या पेराएवढे मोड.

“हे बघा. ना आग, ना धूर. याच्याहून अहिंसक काय असेल?”

माताजी एकदम मागे सरकल्या. पिंछी उचलून त्यांनी छातीशी धरली.

“झाक ते.”

“पण...”

“झाक, बाळ. ते जिवंत आहे.”

चेलनानं झाकण लावलं. इतक्या म्हाताऱ्या, इतक्या शांत बाईला मूठभर मटकीला भिताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“जिवंत आहे म्हणूनच तर खाते,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता तेवढा ठाम निघाला नाही. “शिजवलेलं मेलेलं असतं. मेलेलं खाऊन माणूस मरतो.”

“दीक्षा घेऊन बेचाळीस वर्षं झाली,” माताजी म्हणाल्या, “रोज भीत भीतच जेवते मी. ओंजळीत कुणी काही घातलं की आधी भीती वाटते.”

“कशाची?”

“आपल्यामुळे कुणाचा जीव जाईल याची. तुला?”

“माझा जाईल याची.”

...

खालच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

“नखं दाखव,” माताजी म्हणाल्या.

चेलनानं बोटं पुढे केली. नखं कागदासारखी पातळ, पांढरी होती.

“पाळी?”

“...तीन महिने नाही.”

“कुणाला बोललीस?”

“कुणाला बोलू? आत्या म्हणेल गरम भात खा. काकू म्हणेल लग्न करा हिचं. बाबा म्हणतील, परीक्षा झाली की बघू.”

“हॉस्टेलवर कुणी?”

“मुली मला शेळी म्हणतात. मी दार लावून खाते.”

“रोज?”

“रोज.”

माताजींनी पिंछी पुन्हा मांडीवर ठेवली. “आई कुणाबरोबर जेवायची?”

“म्हणजे?”

“सोपं विचारलं मी. कोण असायचं बरोबर?”

“कुणी नाही. आमचं सगळ्यांचं झालं की मग. ओट्याशी, उभ्या उभ्या.”

“काय खायची?”

“सांगितलं ना, तळलेलं, शिळं...”

“बघितलंस?”

चेलनानं डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं.

...

“आम्ही बाहेर टीव्हीपुढे असायचो,” ती म्हणाली. “भांड्यांचा आवाज यायचा. म्हणजे जेवत असणार, असं... शेवटच्या वर्षी तिला घासच उतरत नव्हता. सगळं ती कुत्र्याला घालत होती. दवाखान्यात नेल्यावर कळलं आम्हाला.”

माताजींनी मांडीवरची पिंछी सारखी केली.

“तुम्ही असं बघू नका माझ्याकडे.”

“मी जमिनीकडे बघते आहे, बाळ.”

खरंच त्या जमिनीकडे बघत होत्या.

चेलना उठायला गेली. डोळ्यांपुढे काळं आलं, तेव्हा खांबाला धरून ती पुन्हा बसली. आपण याच खांबापाशी मरणार, असं तिला क्षणभर अगदी स्पष्ट वाटलं. आणि खाली, हॉस्टेलच्या खोलीत, हेच झालं असतं तर दार कधी कुणी उघडलं असतं?

या विचारानं ती चिडली.

“तुम्ही नियम देणार आहात की नाही? उपदेशच ऐकायचा असता तर मला पायऱ्या चढायची गरज नव्हती. खाली फुकट मिळतो.”

“देते. हात जोड.”

तिनं हात जोडले, डोळे मिटले.

“आजन्म,” माताजी म्हणाल्या.

“आजन्म.”

“एकटीनं जेवायचं नाही.”

चेलनानं डोळे उघडले.

“हा मी मागितला नव्हता.”

“नव्हता.”

“आणि कच्चं, शिजलेलं?”

“ते तुझं तू बघ.”

“माताजी, हे नाही जमायचं मला.” तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. “दुसरं काहीही सांगा. मीठ सोडते, गोड सोडते. मी कुणाच्या दारात जाऊन काय म्हणू? माझ्याजवळ बसा म्हणू? त्या हसतील.”

“हसतील.”

“हात सोडू मी?”

“तुझे हात आहेत.”

ते जोडलेलेच राहिले.

माताजींनी पिंछीनं पुढची फरशी हलकेच झाडली, कमंडलू घेतला आणि सावकाश उठल्या. दुपारच्या सामायिकाची, ध्यानाला बसायची, वेळ होत आली होती. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत त्या पोचल्या, तेव्हा मागून हाक आली.

“माताजी... आणि ज्या दिवशी कुणीच येणार नाही?”

त्या थांबल्या. वळल्या नाहीत.

“त्या दिवशी उपास.”