पालूताईचं चुकचुकणं

फार पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा येई, तेव्हाची गोष्ट. पडद्याच्या बांबूवर पालूताई नावाची पाल राही आणि वर वाघूळराव लटकत. या दोघांना विचारूनच उंदीर सिनेमाला बसत.

पालूताईला लख्ख उजेडाचे सिनेमे आवडत, कारण पडद्यावर किडे जमत. अंधार आला की ती नापसंतीने चुकचुके.

"ताई, खरी मजा अंधारातच," वाघूळराव म्हणत.

"तुमचं सगळंच उलटं," ती म्हणे.

एका जत्रेला वाघूळराव आलेच नाहीत. पडद्यावर अंधार पसरला, किडे उडाले. अंधारात एक होडी संथ चालली होती. वाघूळरावांना केवढी आवडली असती! पालूताई हळूच चुकचुकली.

"ताईंना नाही आवडला वाटतं," म्हणत उंदीर उठले.

ती मात्र होडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.